डॉ. द्वारकानाथ कोटणीस : परक्या सैन्यातील एका सोलापूरकराचे जीवन आणि मृत्यू (१९३८-१९४२)

प्रास्ताविक

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने ज्या गावांतून सैनिक गेले होते, त्या गावांत संगमरवरी फलक बसविले. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात असे फलक आजही पाहावयास मिळतात. त्यांवर दोन आकडे असतात : गावातून किती गेले आणि त्यांपैकी किती मृत्यू पावले. दुसऱ्या महायुद्धातील मृतांची नोंद तर याहून तपशीलवार आहे. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरले गेले. ते ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक होते. पलटण, हुद्दा, मृत्यूची तारीख, स्मारक ही सर्व माहिती सरकारी दप्तरात सापडते.

याच युद्धकाळात मृत्यू पावलेल्या आणखी एका मराठी माणसाचे नाव या दप्तरात नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनच्या हबेई प्रांतातील एका डोंगराळ खेड्यात वारले. मृत्यूसमयी ते चिनी साम्यवाद्यांच्या एट्थ रूट आर्मीत होते, त्या सैन्याच्या रुग्णालयाचे संचालक होते आणि त्याच सैन्याचा गणवेश वापरीत होते. कायद्याच्या दृष्टीने ते ब्रिटिश प्रजाजन होते. ज्या सैन्यात ते होते, ते मात्र त्यांच्या देशाचेही नव्हते आणि त्यांच्या सरकारचेही नव्हते.

महाराष्ट्राला कोटणीस परिचित आहेत, ते प्रामुख्याने व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे आणि ‘भारत-चीन मैत्रीचे प्रतीक’ या शब्दप्रयोगामुळे. या दोन्हींमुळे एक प्रश्न मागे पडला आहे. एका वर्षासाठी गेलेला वैद्यकीय पथकाचा सदस्य त्या सैन्याचा माणूस कसा झाला आणि केव्हा झाला? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्याच्या उत्तरावरच त्यांच्या मृत्यूकडे कोणत्या दृष्टीने पाहावयाचे, हे अवलंबून आहे.

पथकाची रवानगी

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळील मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि जपानने चीनवर उघड आक्रमण केले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एट्थ रूट आर्मीचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. हे सैन्य साम्यवाद्यांचे असले, तरी चँग कै-शेक यांच्या सरकारशी झालेल्या संयुक्त आघाडीनुसार ते नाममात्र राष्ट्रीय सेनेचा भाग होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन हरिपुरा येथे भरले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी पुढे निधीसाठी आवाहन केले, ‘चीन दिन’ पाळले गेले आणि सुमारे बावीस हजार रुपये जमा झाले. स्वतः परतंत्र असलेल्या देशातील एका पक्षाने दुसऱ्या देशाच्या युद्धात आपले पथक पाठवावे, ही त्या काळातील असामान्य घटना होती. परराष्ट्र धोरण ही सरकारची मक्तेदारी आहे, हे गृहीतकच काँग्रेसने येथे नाकारले.

पथकात पाच डॉक्टर होते. प्रमुख डॉ. मदनमोहन अटल हे स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय काम करून आलेले होते. उपप्रमुख डॉ. चोळकर नागपूरचे होते आणि वयाने ज्येष्ठ होते. विदर्भातील वाचकांना या नावाचा विसर पडू नये, म्हणून ते येथे मुद्दाम नोंदवितो. बंगालमधून डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी हे दोघे होते. पाचवे कोटणीस.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात एका मध्यमवर्गीय, मोठ्या कुटुंबात झाला. मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते. चीनला जाण्याआधी ते कोणत्याही पक्षाचे कार्यकर्ते म्हणून ओळखले जात नव्हते. सोलापूरने १९३० चा मार्शल लॉ अनुभवला होता आणि जानेवारी १९३१ मध्ये त्या शहरातील चौघांना फाशी झाली होती. या वातावरणाचा परिणाम तरुण कोटणीसांवर झाला असणार, असे चरित्रकारांना वाटणे साहजिक आहे. तथापि, वातावरणावरून व्यक्तीचे मन वाचण्याची ही पद्धत फारशी भरवशाची नाही. त्याच सोलापुरातून शेकडो पदवीधर नोकरीस लागले आणि चीनला एकच गेला. एवढे मात्र खरे की, ते गेले तेव्हा अवघ्या २७ वर्षांचे होते आणि पथकाची मुदत एका वर्षाची होती.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या आगबोटीने पथक मुंबईहून निघाले. १७ सप्टेंबरला ते कँटनला पोहोचले, तेव्हा मादाम सन यत्-सेन त्यांच्या स्वागतास हजर होत्या.

मुदतवाढीचा इतिहास

पथक चीनमध्ये पोहोचले तेच माघारीच्या काळात. ऑक्टोबरच्या अखेरीस कँटन आणि हान्को ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली. डॉक्टर हान्कोहून यिचांगला आणि तेथून चुंगकिंग या तात्पुरत्या राजधानीत आले. तेथे प्रत्येकाच्या चिनी नावात ‘हुआ’ हे अक्षर जोडण्यात आले. त्याचा अर्थ चीन. कोटणीसांचे नाव ‘के दिहुआ’ झाले आणि पुढे चीनमध्ये ते याच नावाने ओळखले गेले.

चुंगकिंगच्या मुक्कामात त्यांना वडिलांच्या मृत्यूची बातमी समजली. सहकाऱ्यांनी त्यांना परत जाण्याचा सल्ला दिला. घरी मोठा भाऊ असला, तरी धाकट्या भावंडांचा भार होता, आणि डॉक्टर झालेल्या मुलाकडे मराठी मध्यमवर्गीय कुटुंब त्या काळी कोणत्या अपेक्षेने पाहत असे, हे वेगळे सांगावयास नको. कोटणीस गेले नाहीत. अद्याप प्रत्यक्ष कामाला सुरुवातच झालेली नव्हती, आणि काम न करता परतणे त्यांना पटले नाही. हा त्यांचा पहिला निर्णय. त्यात विचारप्रणालीचा भाग फार नसावा. स्वीकारलेली जबाबदारी अर्धवट टाकू नये, ही घरातूनच आलेली शिस्त त्यामागे अधिक दिसते. घरावर त्याचा जो परिणाम झाला असेल, तो गौरवपर लेखनात सहसा येत नाही. तो लक्षात न घेता या निर्णयाचे मोल मात्र समजत नाही.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. लोएस मातीच्या टेकड्यांत खोदलेल्या गुहांमध्ये वसलेले हे साम्यवाद्यांचे केंद्र होते. डॉक्टरांचे राहणे आणि रुग्णालय दोन्ही गुहांतच होते. याच वर्षी पथक विरळ होऊ लागले. प्रकृती आणि इतर कारणांमुळे चोळकर व मुखर्जी भारतात परतले. ऑगस्ट १९३९ मध्ये नेहरू चुंगकिंगला आले खरे, परंतु युरोपात युद्ध सुरू होताच त्यांना घाईने परतावे लागले आणि येनानची भेट राहूनच गेली.

एक वर्षाची मुदत सप्टेंबर १९३९ मध्ये संपली. त्यानंतर घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. नोव्हेंबरमध्ये अटल, बसू आणि कोटणीस हे तिघे येनान सोडून आघाडीकडे निघाले आणि डिसेंबरात शांशी प्रांतातील सैन्याच्या मुख्यालयात चू तेह यांना जाऊन मिळाले. १९४० च्या प्रारंभी आजारपणामुळे अटलही परतले. उरलेले दोघे जपान्यांच्या ताब्यातील रेल्वेमार्ग ओलांडून शांशी, चाहर आणि हबेई यांच्या सीमाप्रदेशात गेले. हा प्रदेश जपानी फौजांच्या मागे, शत्रूने चहूकडून वेढलेला असा होता. येथे नेते होते नीए रोंगझेन. याच प्रदेशात नॉर्मन बेथून या कॅनेडियन शल्यविशारदाने काम केले होते आणि शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला होता. जून १९४० मध्ये बसू व कोटणीस यांनी बेथून यांच्या समाधीचे दर्शन घेतले.

येनानपर्यंतचे कोटणीस काँग्रेसच्या पथकाचे सदस्य होते, असे म्हणता येईल. रेल्वेमार्ग ओलांडल्यानंतरचे कोटणीस त्या पथकाच्या चौकटीत बसत नाहीत. पथकाचा प्रमुख उरला नव्हता, मुदत संपली होती, भारताशी संपर्क दुर्मिळ झाला होता. रोजचा आदेश, रोजचे अन्न आणि रोजचा धोका हे तिन्ही आता सैन्याकडून मिळत होते. भरतीचा अर्ज भरून माणूस सैनिक होतो, तसाच तो अशा रीतीनेही होतो.

आघाडीवरील शल्यचिकित्सक

२० ऑगस्ट १९४० रोजी एट्थ रूट आर्मीने उत्तर चीनमधील रेल्वे, खाणी आणि जपानी ठाण्यांविरुद्ध व्यापक आक्रमण सुरू केले. ही ‘शंभर रेजिमेंटांची मोहीम’ म्हणून ओळखली जाते. बसू आणि कोटणीस यांना वेगवेगळ्या क्षेत्रांत नेमण्यात आले. कोटणीसांच्या केंद्रात तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी आले आणि पाचशेहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, असे चिनी नोंदी सांगतात. दिवसाकाठी सुमारे चाळीस शस्त्रक्रिया, हा आकडा प्रथमदर्शनी अतिशयोक्त वाटतो. तथापि, गोळी काढणे, जखम साफ करून मृत ऊती कापणे, हाड बसविणे ही सर्व कामे युद्धभूमीवर शस्त्रक्रियेतच मोजली जातात, हे ध्यानात घेतल्यास तो अशक्य राहत नाही. एकट्याने केलेल्या कामाऐवजी एका पथकाचे काम म्हणून तो वाचावा, हे अधिक योग्य.

या सैन्याचे वैद्यकीय कार्य कसे चाले, हे समजून घेणे आवश्यक आहे. त्यास स्थिर रुग्णालय परवडत नव्हते. जपानी फौजांची ‘सफाई मोहीम’ आली की जखमींना डोंगरावर न्यावयाचे, खेड्यातील घरांत विखरून ठेवावयाचे, साहित्य पुरावयाचे आणि मोहीम ओसरली की पुन्हा जमवावयाचे. जखमी वाहून नेणारे बहुधा शेतकरीच असत. १९४१ पासून जपान्यांनी या प्रदेशात ‘सर्व जाळा, सर्व मारा, सर्व लुटा’ या नावाने कुप्रसिद्ध झालेले धोरण अवलंबिले. जानेवारी १९४१ मध्ये राष्ट्रीय सरकारच्या फौजांनी दक्षिणेत साम्यवाद्यांच्या न्यू फोर्थ आर्मीवर हल्ला केला आणि संयुक्त आघाडी केवळ नावापुरती उरली. त्यामुळे सीमाप्रदेशावर एका बाजूने जपान्यांचा वेढा, तर दुसऱ्या बाजूने सरकारची नाकेबंदी होती. औषधे, भूल देण्याची द्रव्ये, शस्त्रक्रियेची हत्यारे यांचा तुटवडा कायमचा होता.

त्याच जानेवारीत कोटणीसांची बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून नियुक्ती झाली. तत्पूर्वी बसू येनानला परत गेले होते. आता या प्रदेशात ते एकटेच भारतीय होते. थांग परगण्यातील गेगोंग या खेड्यात रुग्णालय आणि त्याला जोडलेले वैद्यकीय विद्यालय होते. तेथे ते शल्यचिकित्सा शिकवीत, आणि तीही चिनी भाषेत. भाषा आत्मसात करणे हे सदिच्छेचे लक्षण म्हणून सांगितले जाते. परंतु या सैन्याची खरी गरज एका कुशल शल्यविशारदाची नव्हती. खेड्यातून आलेल्या, जेमतेम शिकलेल्या तरुणांतून शंभर कामचलाऊ शल्यक तयार करावयाचे होते, आणि त्यासाठी दुभाष्यामार्फत शिकविणे उपयोगाचे नव्हते. रात्री जागून ते शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तक लिहीत होते. ते अपुरे राहिले. आपण महाविद्यालयीन शिक्षक त्यांच्या चरित्राचा विचार करताना या बाजूकडे फारसे वळत नाही, याचे नवल वाटते. कोटणीसांच्या आयुष्यातील अखेरची दोन वर्षे मुख्यतः एका शिक्षकाची होती.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांचा विवाह परिचारिकांना शिकविणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. नीए रोंगझेन यांनी त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले, म्हणजे भारत आणि चीन. त्याच वर्षीच्या जुलैत कोटणीस चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्य झाले होते.

मृत्यू आणि त्याचे कारण

१९४२ मध्ये त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी त्यांना सुरक्षित ठिकाणी हलविण्याचा आग्रह झाला आणि त्यांनी तो मानला नाही, असे चिनी आठवणींत सांगितले आहे. ८ डिसेंबरच्या रात्री झटके सुरू झाले आणि ९ तारखेस पहाटे गेगोंग येथेच त्यांचा अंत झाला. वय ३२ वर्षे. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

ते गोळीने मेले नाहीत, म्हणून त्यांना सैनिक म्हणावे काय, असा आक्षेप घेतला जातो. युद्धाचा इतिहास पाहता या आक्षेपात तथ्य नाही. पहिल्या महायुद्धात कूतच्या वेढ्यात आणि त्यानंतरच्या तुर्की कैदेत जे हिंदी सैनिक मेले, त्यांत मराठा पलटणींचेही शिपाई होते आणि उपासमार व रोग यांनी बळी गेलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांची नावे युद्धमृतांतच घातली गेली. वेढलेल्या प्रदेशात रोग हे शत्रूचेच एक हत्यार असते. गेगोंगमध्ये विश्रांती, पुरेसे अन्न आणि नियमित औषध यांपैकी काहीच निश्चित नव्हते, आणि ते निश्चित नसावे हाच नाकेबंदीचा हेतू होता. बेथून यांच्या मृत्यूचे कारणही शेवटी हेच होते. त्या बोटाच्या जखमेवर शहरातील रुग्णालयात इलाज होण्याची शक्यता बरीच अधिक होती.

त्यांच्या मृत्यूच्या वेळी त्यांना पाठविणारी संस्था कोठे होती, हेही पाहिले पाहिजे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेसच्या नेत्यांना अटक होऊन संघटना बेकायदा ठरली होती. चू तेह यांचे पत्र ज्यांना आले, ते नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. ज्यांनी निधी उभारला, ते सुभाषचंद्र जानेवारी १९४१ मध्येच देशाबाहेर पडले होते आणि या वेळी जर्मनीत होते. पाच महिन्यांनी, मे १९४३ मध्ये, ते टोकियोला पोहोचले आणि जपानच्या साहाय्याने भारतमुक्तीच्या युद्धाची उभारणी करू लागले. ज्या जपानविरुद्ध त्यांनी १९३८ मध्ये डॉक्टर पाठविले, त्याच जपानशी ही युती होती. येथे कोणास दोष देण्याचा उद्देश नाही. सुभाषबाबूंचे गणित भारताच्या पारतंत्र्याभोवती मांडलेले होते आणि कोटणीसांचे गणित समोरच्या जखमींभोवती. परंतु दोघांचा आरंभ एकाच सभेतून, एकाच निधीतून झाला आणि चार वर्षांत ते युद्धाच्या परस्परविरोधी बाजूंना उभे होते, ही वस्तुस्थिती आपल्या पाठ्यपुस्तकांत एकत्र वाचावयास मिळत नाही.

दोन स्मृती

बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पुढील वर्षी ख्वाजा अहमद अब्बास यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. एक जण परतला नाही, हा त्याच्या शीर्षकाचा आशय. त्यावरून १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट झाला. नायक स्वतः शांताराम होते, तर गुओ छिंगलान यांच्या भूमिकेत जयश्री. चित्रपटातील कोटणीस प्रामुख्याने साथीच्या रोगाशी झुंजणारे त्यागी डॉक्टर आहेत. पक्षसदस्यत्व, सैन्यातील स्थान, शिक्षकाचे काम हे तपशील प्रेक्षकांच्या मनावर ठसत नाहीत. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील प्रेक्षकांसाठी ही निवड समजण्यासारखी आहे. अडचण ही की, चित्रपटाचे कोटणीस पुढे इतिहासाचे कोटणीस म्हणून स्वीकारले गेले. बसू यांची या मोहिमेवरील दैनंदिनी १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ती प्रत्यक्षदर्शीची नोंद असूनही मराठी लेखनात तिचा उपयोग अल्पच झालेला दिसतो.

चीनमध्ये याउलट घडले. तेथे ते प्रारंभापासूनच सैन्याचे हुतात्मा मानले गेले. माओ त्से-तुंग यांनी आपल्या शोकलेखात त्यांना सैन्याचा साहाय्यक हात आणि राष्ट्राचा मित्र या दोन्ही नात्यांनी संबोधिले. १९५३ मध्ये त्यांचे अवशेष थांग परगण्यातून शिजियाझुआंग येथील उत्तर चीनच्या सैनिकी हुतात्मा स्मशानभूमीत नेण्यात आले. तेथे बेथून यांचीही समाधी आहे. ही स्मृतीही निर्हेतुक नाही. परदेशी डॉक्टर आपल्या पक्षात आला, ही गोष्ट त्या पक्षाला आपल्या ध्येयाचा पुरावा म्हणून हवी होती. १९६२ च्या युद्धानंतर भारतात कोटणीसांचे नाव घेणे काही काळ अवघड झाले आणि संबंध सुधारू लागताच ते पुन्हा भाषणांत आले. चीनने १९८२ मध्ये, तर भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली. मैत्रीचे प्रतीक म्हणून ज्यांची स्मृती जपली जाते, त्यांचे महत्त्व दोन सरकारांच्या संबंधांप्रमाणे वरखाली होते. यशवंत घाडगे यांच्या बाबतीत असे होत नाही, कारण त्यांची नोंद सैनिक म्हणून झाली आहे.

कोटणीसांचा मुलगा यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये, वयाच्या पंचविशीत वारला. गुओ छिंगलान त्यानंतर अनेकदा भारतात येऊन सासरच्या मंडळींना भेटून गेल्या. कोटणीसांचे सोलापुरातील राहते घर दुरुस्त करून २०१२ मध्ये स्मारक म्हणून खुले करण्यात आले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये दालियान येथे गुओ छिंगलान यांचे निधन झाले.